पत्रिकेतले बापू

आमच्या सांगलीच्या ऑफिसात कामापेक्षा किस्सेच जास्त निपजतात. आम्ही फ्लेक्स आणि लग्नपत्रिका छापणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडं टोपणनावाशिवाय माणूस पुरा होत नाही, आणि ते अवतरणचिन्हांत लागतं. ते हुडकून लाल करायचा नियम, म्हणजे रेजेक्स, मी लिहिला होता.

*

पहिल्याच फ्लेक्सवर त्या नियमानं पहिल्या चिन्हापासून थेट शेवटच्या चिन्हापर्यंत सगळं एकच टोपणनाव धरलं. सगळे शुभेच्छुक लालभडक. मी माफी मागायच्या तयारीत, तर गिऱ्हाईक म्हणालं, "लय उठाव आलाय. असंच ऱ्हाऊ द्या."

*

मालक निकमदादा फौजेतून रिटायर झालेले. कोडमधलं ओ की ठो कळत नाही. माझी अडचण ऐकून म्हणाले, "पहाऱ्यावरच्या संत्र्याला काय सांगतो आपण? पयलं गेट आलं की थांब. तुझा गडी शेवटच्या गेटापतुर पळतोय."

शेजारच्या पूनमनं नियमात एक प्रश्नचिन्ह टाकलं, आणि तो पहिल्या गेटाला थांबायला लागला. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

*

विट्याच्या एका गलाईवाल्यानं, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्यानं, वडिलांच्या पंचाहत्तरीचा मजकूर पाठवला. वडिलांच्या 'तात्या' या टोपणनावाआधी चिन्ह उघडलं, पुढं बंदच नाही. त्यामुळं खालची टोपणनावं काळी, आडनावं लाल. मी फोन केला, "चिन्ह बंद करायचं राहिलंय."

"आवं, तात्या हयात हायत. एवढ्यात कशाला बंद करताय?"

*

मग दादांच्या मुलीचं लग्न ठरलं. "एवढं एक काम तरी नीट कर रं," दादा म्हणाले. खंडाळ्याच्या व्याह्यांना साधी पत्रिका हवी होती, टोपणनावं नकोत. मी अवतरणातलं सगळं उडवायचा नियम चालवला. नेमका जुना, प्रश्नचिन्हाविना.

प्रूफ न वाचताच घरच्या ग्रुपवर टाकलं. धडाधड अंगठे आले. पाचशे पत्रिका छापल्या, आणि दादांनी फौजी शिस्तीत दोन दिवसांत वाटल्यासुद्धा.

तिसऱ्या दिवशी मी एक सहज वाचली. मूळ मजकुरात सुरुवातीला होते निमंत्रक, दादांचे थोरले भाऊ राजाराम "बापू" निकम. शेवटी घर, "कृष्णाई" बंगला. मधली नवरी, नवरदेव, मुहूर्त, कार्यालय, सगळं गायब. उरलं होतं एवढंच: 'आमचे येथे श्रीकृपेकरून श्री. राजाराम बंगला, सांगली.'

दादांना तोंड कसं दाखवायचं? तेवढ्यात बापूच पत्रिका घेऊन दारात. दादा उठून उभे राहिले.

बापूंनी पत्रिका टेबलावर आपटली. "पाचशे घरांत गेली ही. एकानं तरी वाचली का? ह्यात माझं 'बापू' कुठं हाय?"