शेजारच्या पानातली बुंदी

दुष्काळ सरल्यावर आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्यात उसाची पहिली मोळी पडली, त्या दिवशी गावजेवण होतं. बुंदी हवी तितकी. मी नुकताच मास्तर झालो होतो. कुणी आपल्याला आग्रह करून वाढतंय, याचंच मला अप्रूप होतं.

शेजारी एक अनोळखी वयस्कर गृहस्थ बसले होते. पायाच्या अंगठ्याला पट्टी होती. वाढप्याला ते म्हणाले, "बुंदी नको बाबा. साखरंचा आजार हाय. जखम भरंना, डॉक्टर अंगठा काढायचा म्हणतोय."

"साखरंच्या कारखान्यात साखर नको म्हणता व्हय, आण्णा?" वाढप्यानं हसत झारा रिता केला.

गृहस्थ वरण, भात, भाजी सावकाश जेवले. बोटं मात्र बुंदीपासून जपून लांब ठेवत होते. पंगत उठायला आली. त्या काळात पानात टाकून उठायची कुणाची छाती नव्हती. आता हे भिडेपोटी खाणार, या धास्तीनं मी त्यांच्या पानाकडंच बघत राहिलो.

ते माझ्याकडं वाकले. "लेकरा, म्या हात लावला न्हाय तिला. उष्टी न्हाय. घेतो का?"

एवढा वेळ ते हेच सांभाळत होते. मी डाव्या हातानं बुंदी माझ्या पानात ओढली आणि भराभर संपवली. त्यांनी सुस्कारा सोडला.

तेवढ्यात वाढपी परतला. त्यांच्या पानातली रिकामी जागा बघून खुलला. "बघा! आवडली का न्हाय?"

त्यानं झारा कलता केला आणि आम्ही दोघांनीही त्या एका पानावर हात आडवे धरले.