सोमवारी घर पाडणार म्हणाले

त्या दुपारी मी भाकरी थापत होते. ईट गावाच्या अलीकडं, सरकारी गायरानात, कडेला आमचं दोन खोल्यांचं घर. मालक मेंढ्या घेऊन लांब रानात गेलेले. घरात मी, सासूबाई आणि रांगती लेक. बाहेर घरघर झाली. बघते तर शाळेपाशी जेसीबी येऊन थांबलेला. मागोमाग गावातला एक पुढारी मोटरसायकलवरून दारात आला.

"वरच्या कोर्टाचा निकाल आलाय. गायरानातली समदी घरं पाडायची. सोमवारच्या आत सामान काढा."

एवढं बोलून तो गेला. सासूबाई उठल्या आणि देवाचे टाक फडक्यात बांधायला लागल्या. ते बघून मी तवा उतरवला आणि मोबाईल घेतला. मालकांचा फोन लागेना. लेकीला कडेवर घेऊन मी नुसती आतबाहेर करत राहिले.

शेवटी शेजारच्या तालुक्याला, वाशीला, वकिलाकडं टायपिंग करणाऱ्या मावसबहिणीला फोन लावला.

"निकाल तू वाचलास का?" तिनं विचारलं.

"मी कुठनं वाचू?"

"मोबाईलवर. कोर्टाचे निकाल आता कुणालाबी फुकट वाचायला मिळतात. थांब, हुडकून धाडते. मराठीत असला तर तोच धाडते."

निकाल आला, पण उघडायला हात होईना. आमचंच नाव त्यात निघालं तर? शेवटी उघडला. दोन ओळींआड 'अतिक्रमण' शब्द, आणि तो दिसला की मी मोबाईल पालथा ठेवायचे. सासूबाई म्हणाल्या, "मोठ्यानं वाच. मीबी ऐकते."

वाचत वाचत एका ओळीपाशी मी थांबले. घर काढण्याआधी राहणाऱ्याला नोटीस द्यावी, त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं, असं तिथं लिहिलं होतं. मी ती ओळ परत वाचली.

"आपल्याला तर नोटीस आलीच न्हाय," सासूबाई म्हणाल्या. "मंग ह्यो सोमवार ठरवला कुणी?"

दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन आम्ही दोघी भूमला तहसीलला गेलो. तहसीलदार साहेबांपुढं मोबाईल धरून मी ती ओळ दाखवली. ओळ वाचून ते म्हणाले, "तुमच्या घराबद्दल आमच्याकडनं काही आदेश निघालेला नाही. जेसीबी मशीन रस्त्याच्या कामाला आलंय. पण गायरानाची मोजणी होईल, नोटीसही येईल. तेव्हा तुमचं म्हणणं मांडा."

सोमवारी मशीन सुरू झालं तशा सासूबाई उंबऱ्यावर जाऊन बसल्या आणि त्याचा आवाज पार लांब जाईपर्यंत हलल्या नाहीत.

पुढं नोटीस खरंच आली. सुनावणीला मालकही होते. लाईटबिलं, घरपट्टीच्या पावत्या, जे होतं ते दिलं. आमचं ऐकून घेतलं. निर्णय अजून लागलेला नाही. टाक परत देव्हाऱ्यात मांडलेत, पण छपरावर नवे पत्रे टाकायचा विषय काढला की मालक म्हणतात, निर्णय लागू दे आधी.