चौथी फेरी

रडारच्या खोलीत त्याला सगळे लख्खराव म्हणत. पडद्यावर एक कण उगाच राहिलेला त्याला खपत नसे. "लख्खराव, हा पडदा आहे की तुमचं जेवणाचं ताट? चाटूनपुसून ठेवलाय अगदी!" शेजारी बसणारा वायरलेसवाला म्हणायचा, आणि लख्खराव मिशीत हसायचा. बंदराच्या तोंडाशी, खिडक्या झाकलेल्या खोलीत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला मिरवायला काहीतरी लागतंच.

रडारचा मनोरा ठेंगणा होता. दर तीन सेकंदांना एक फेरी मारणारी त्याची लहर पाण्याला जवळजवळ घासत जायची. समुद्र शांत असला की ती निमूट पुढे निघून जाई. खवळला की लाट न् लाट तिला अंगावरून परतवायची आणि पडद्यावर मीठ सांडल्यासारखे ठिपके पसरायचे. त्यात एखादी लाकडी होडी असली तर तिचा ठिपकाही तसाच, तेवढाच. लाटेआड गेली की तोही विझायचा. म्हणून लख्खराव नव्या माणसाला बजावायचा, "घाई करायची नाही. बारा फेऱ्या बघ. पुन्हापुन्हा तिथंच उगवला तर होडी, नाहीतर लाट. मगच समुद्र दाब." समुद्र दाबणं म्हणजे एक बटण फिरवणं. लाटांचे ठिपके मावळत. लहानसहान होड्यांचेही.

त्या दुपारी वारा पिसाळला होता. एक मोठं जहाज आत येत होतं आणि त्याचा वाटाड्या वायरलेसवर करवादत होता, "मार्ग मोकळा आहे की नाही, एवढं सांगा! झोपलात काय?"

मार्गाच्या डाव्या कडेला एक ठिपका होता. पहिल्या फेरीला होता. दुसऱ्या, तिसऱ्या फेरीलाही. चौथ्या फेरीला नव्हता. लख्खरावने बटण फिरवलं.

"मार्ग मोकळा," तो म्हणाला.

होडी दाजींची होती, त्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची. जहाजावर कुणाला धक्कासुद्धा जाणवला नाही. तिसऱ्या दिवशी काठाला फळ्या लागल्या. दाजी लागलेच नाहीत.

चौकशीत साहेबांनी त्या दुपारची नोंद चालवून पाहिली. "यातला कुठला?"

लख्खरावने बोट ठेवलं. "हा."

"आणि त्याच्या शेजारचा?"

"ती लाट."

"फरक काय दोघांत?"

फरक काहीच नव्हता. "बारा फेऱ्या थांबलो असतो तर कळलं असतं," तो म्हणाला.

"हे कुठल्या नियमात लिहिलंय?"

कुठंच नव्हतं. नियम त्याचा स्वतःचा होता. साहेबांनी कागद मिटला. "मग दोष तुमचा नाही. घरी जा."

तो ताईकडे गेला. तिने चहा पुढे ठेवला. दाजींच्या चपला अजून दाराशीच होत्या.

"दिसलेच नाहीत म्हणे तुला," ताई म्हणाली. "मी सांगितलं सगळ्यांना. दिसले असते तर माझ्या भावाने सोडलं असतं का?"

एवढ्यावर गप्प बसला असता तर त्याला बहीण उरली असती. ते त्याला कळत होतं.

"ताई, दिसले होते. तीन वेळा."

"मग?"

"मग नाही दिसले. लाटेआड गेले असतील."

"किती वेळ?"

"एक फेरी. तीन सेकंद."

"तीन सेकंद," ती म्हणाली. उठून तिने त्याचा अर्धा भरलेला कप उचलला, मोरीत ओतला, विसळला आणि पालथा घातला. तिचा आवाज चढला नाही. तो उभा राहिला, दारापर्यंत गेला, तिथून परत वळला.

"ताई, शिव्या तरी घाल गं."

"कशाला?" ती म्हणाली. "त्याने तुझंच मन लख्ख व्हायचं."

तो बाहेर पडला. आतून कडी लागल्याचा आवाज झाला.