पेत्नीमावशींचा सिनेमा

पेत्नीमावशींना खोटं कौतुक करता येत नसे. कोलकात्यातल्या आमच्या मराठी मंडळाचं गणपतीतलं नाटक संपलं, की टाळ्या विरायच्या आत पहिल्या रांगेतून त्यांचा अभिप्राय येई, "पाठांतर छान होतं." एवढंच. मग वर्षभर नटमंडळी त्यांच्या वाटेला जात नसत.

पेत्नी म्हणजे आपली हडळ. मावशींचा जन्म इथलाच, नोकरी शाळेत. पण तरुणपणी त्यांनी टीव्हीवरच्या एका बंगाली विनोदी मालिकेत काम केलं होतं. जुन्या घरात भुतांचं कुटुंब राहतं आणि वर भाडेकरू, अशी गोष्ट. मावशी त्यातली धाकटी सून, भांडी घासताना तळ्यात बुडालेली. मेल्यावरही ती बुडालेली वाटी शोधत भाडेकरणीच्या स्वयंपाकघरात शिरायची. इतक्या काळजीने शोधायची, की घरोघरी लोक हसून लोळत. "भुताला आपण विनोदी आहोत हे कळता कामा नये," मावशी म्हणायच्या. "कळलं की भूत संपलं. मग नुसता तोंड रंगवलेला माणूस उरतो."

तीन वर्षांपूर्वी कुणाला तरी त्या मालिकेवर सिनेमा काढायची हुक्की आली. दिग्दर्शकाने मावशींना सॉल्ट लेकच्या ऑफिसात बोलावलं. त्यांचे गुडघे दुखायचे, म्हणून सोबत मी. दिग्दर्शक घरातही काळा चष्मा लावणाऱ्यांपैकी. मालिका त्याने मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी पाहिली होती आणि तेवढ्यावर तो तिला 'ट्रिब्यूट' देणार होता. त्याची भुतं पांढरे बूट घालून नाचणार होती. भुतांच्या घरात मरून आलेल्या नव्या सुनेला पाहून मावशींनी जीभ बाहेर काढायची, किंचाळायचं आणि पाण्याच्या टबात पडायचं.

"ही नवी सून मेली कशाने?" मावशींनी विचारलं.

"ते काही ठरवलेलं नाही, मॅडम. कॉमेडी आहे ना!"

"कॉमेडी आहे म्हणूनच विचारतेय."

तो हसला आणि शेजारच्या मुलीला म्हणाला, "हाउ क्यूट!" ज्या बाईने त्याच्या आईबापांना पोट धरून हसायला लावलं होतं, ती या गाढवाला क्यूट वाटली.

मावशी नकार देणार, अशी माझी खात्री होती. खाली रस्त्यावर आल्यावर त्या म्हणाल्या, "शूटिंगला कधी जायचं, ते नीट विचारलंस ना?" मी बघतच राहिलो. "बघतोस काय? काम आहे ते."

शूटिंग बजबजला, नदीकाठच्या एका जुन्या बंगल्यात होतं. पहिल्यांदा मावशींनी आपल्या पद्धतीने केलं. टबात उतरल्या, पाण्याखाली हात फिरवला आणि कॅमेऱ्याकडे बघून हळूच विचारलं, "माझी वाटी पाहिलीत का हो?" कॅमेरामनचे खांदे हलायला लागले. दिवा धरलेल्या माणसाने तोंड फिरवलं.

"मस्त!" दिग्दर्शक म्हणाला. "आता आपलं करू या."

त्यांनी तेही केलं. जीभ काढली, किंचाळल्या, पडल्या. पुन्हा. परत एकदा. शेवटी खोकल्याची उबळ आली. मी टॉवेल गुंडाळला, तर आतून म्हणाल्या, "अगदीच टाकाऊ माणूस आहे रे. पण कॅमेरा बरा लावलाय."

सिनेमा लागला तेव्हा आम्ही एस्प्लनेडला दुपारच्या खेळाला गेलो. मावशी ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. त्यांचा प्रसंग आला. वाटी नव्हतीच. किंचाळी होती, पण ती दुसऱ्याच कुणाची, कार्टूनमधल्या मांजरीसारखी. मावशी अंधारात उठून उभ्या राहिल्या आणि बंगालीत मोठ्याने म्हणाल्या, "हा आवाज माझा नाही!"

मागून कुणी तरी ओरडलं, "दिदिमा, आजी, बसा ना!"

त्या बसल्या नाहीत. मी त्यांना बाहेर आणलं, तोच मागोमाग एक पन्नाशीची बाई धावत आली. "तुम्ही तळ्यातल्या बउदि, त्या बुडालेल्या वहिनी ना? आवाजावरून ओळखलं."

मावशींनी पर्स माझ्याकडे दिली. डोक्यावरून पदर घेतला. पॉपकॉर्नच्या काउंटरमागे वाकून त्या वाटी शोधू लागल्या. काउंटरवरचा माणूस गोंधळून त्यांच्याबरोबर खाली वाकला आणि तोही शोधायला लागला. लोक जमले. ती बाई डोळे पुसत, भिंतीला टेकून हसत होती. हसत नव्हते ते फक्त मावशी आणि तो पॉपकॉर्नवाला.

परतताना मेट्रोत मावशींनी माझ्याकडून पर्स परत घेतली. मग म्हणाल्या, "मूर्ख आहे तो. पण पुढच्या सिनेमात माझ्याजोगं काही असेल तर विचारून ठेव."

मी फोन केले. त्याने उचलले नाहीत. मावशींना सांगितलं, बाहेरगावी गेलाय. त्या अधूनमधून विचारायच्या, "आला का रे तो?" मी म्हणायचो, "अजून नाही, मावशी."

त्या हिवाळ्यात मावशी गेल्या. मी त्याला मेसेज करून कळवलं, तेव्हा मात्र लगेच त्याचा फोन आला. "मॅडमचे जुने फोटो असतील ना? पाठवा प्लीज, पोस्ट टाकायचीय."

मी बाहेरगावी आहे, असं सांगून मी फोन ठेवला.