पाऊस सांगणारा बेडूक

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती आणि मी शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात मास्तर होतो. चार वर्ग, एक खोली, आणि खोलीचं छप्पर असं की भरदुपारी पोरांना वर्गात बसून आकाशाचा भूगोल शिकवता यायचा.

श्रावणात मी पोरांना घेऊन ओढ्यावर गेलो. बेडूक कसा वाढतो तो धडा पुस्तकात होता, पण चित्र उंदरांनी खाल्लं होतं. डबक्यात बेडकांची पिल्लं लाखभर तरी असतील. मी मोजली नाहीत, पण मास्तरचा अंदाज चुकत नसतो. त्या लाखातून एक निवडायला मला अर्धा दिवस लागला. पुढे बायको निवडायला एवढा लागला नाही. निवडला तो चार पाय फुटलेला, पण शेपटी अजून न सोडलेला. पोरं त्याला ‘पायवाला मासा’ म्हणाली. मी लोट्यात घालून त्याला घरी आणला.

मी ज्यांच्या ओसरीवर राहायचो त्या अक्कांनी लोट्यात वाकून पाहिलं.

“लोके बायको आनतस,” त्या म्हणाल्या, “आमना मास्तर बेडूक आनस!”

पण फुटक्या रांजणाचं बूड त्यांनीच काढून दिलं. मी ते काठोकाठ पाण्यानं भरलं, तर दुसऱ्या दिवशी पिल्लू वर येऊन धापा टाकत होतं. पाय फुटले की त्याला हवा लागते, हे मला ठाऊक नव्हतं. मी पाणी अर्धं काढलं, वाळू घातली, चढून बसायला एक दगड ठेवला आणि वर जुनी चाळण झाकली. आठवड्यात शेपटी गेली. मग मी संध्याकाळी कंदिलावर येणारी किडे-पाखरं त्याच्यासाठी धरू लागलो. उन्हाळ्यात रांजणाचं बूड पिण्याच्या माठाखाली सरकवलं. माठ पाझरायचा, वाळू ओली राहायची. माझा हात आत गेला की तो तळव्यावर येऊन बसायचा. हे मात्र खरं आहे.

बाकीचं मी चावडीवर सांगितलं. वैशाखात एका दुपारी तो ओरडला आणि योगायोगानं संध्याकाळी वळवाची सर येऊन गेली. एवढं मला पुरेसं होतं. दोनदा ओरडला तर दोन दिवसांत पाऊस, तीनदा ओरडला तर नदीला पूर, असं मी सांगू लागलो. शिरपूरचे व्यापारी कापसाचा सौदा करण्याआधी माझ्याकडे माणूस पाठवतात, इथपर्यंत माझी मजल गेली. लोक पोट धरून हसायचे आणि म्हणायचे, “आजून सांगा, मास्तर.”

त्या वर्षी मृग कोरडा गेला. आर्द्रा नक्षत्रही गेलं. पेरलेली सरकी मातीतच भाजली. विहिरींचा तळ दिसू लागला आणि चावडीवरचं हसणं बंद झालं. अशा वेळी आमच्याकडे धोंड्या काढतात. कडुनिंबाच्या डहाळ्यांत बेडूक गुंडाळून मुसळाला बांधायचा, दोघांनी मुसळ खांद्यावर घ्यायचं आणि दारोदार पावसाची विनवणी करत फिरायचं. प्रत्येक दारी बाई त्याच्यावर पाणी ओतते. पण ओढा आटला होता आणि अख्ख्या शिवारात बेडूक मिळेना.

सकाळी पाटीलआबा चार माणसं घेऊन ओसरीवर आले. बसले नाहीत.

“मास्तर, बेडूक द्या.”

बेडकाचं कातडं वाळलं की तो मरतो, हे मी पोरांना शिकवलं होतं. “आबा,” मी म्हणालो, “त्याला पावसातलं काही कळत नाही. मी थापा मारत होतो.”

“बठ्ठास्ले म्हाईत शे,” चावडीवर हसणाऱ्या सगळ्यांच्या वतीनं आबा म्हणाले. “तरी द्या. गावमा दुसरं बेडूक नही.”

मी अक्कांकडे पाहिलं. त्या खाली मान घालून सुपातली बाजरी निवडत राहिल्या.

मी एकच अट घातली, बांधणार मी आणि मुसळाचं पुढचं टोकही माझ्याच खांद्यावर. ओल्या फडक्याची घडी करून मी त्याला डहाळ्यांत ठेवला आणि दोरा सैल बांधला. मागचं टोक म्हाताऱ्या नानांनी घेतलं. ते वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारे गावचे जुने सालदार होते.

वरच्या आळीत दर दारी पाणी पडलं. कुठे तांब्या, कुठे अर्धी घागर. दर वेळी डहाळ्यांत हालचाल व्हायची आणि माझ्या जीवात जीव यायचा. मधल्या आळीत वाटीभर पाणी पडू लागलं. खालच्या आळीत बायका दारात येऊन नुसत्याच उभ्या राहिल्या. एका बाईनं ओली बोटं झटकली, आणि तेवढंही तिला जड गेलं. तिच्याकडे मी कशाच्या तोंडानं आणखी मागणार होतो? ऊन डोक्यावर आलं होतं. मी वळून डहाळी बाजूला केली. तो हलला नाही. मी बोट लावलं. फडकं कडकडीत वाळलं होतं.

अजून सोळा-सतरा घरं राहिली होती. पुढच्या दारातल्या आजीनं विचारलं, “जित्ता शे ना, मास्तर?”

“जिवंत आहे,” मी म्हणालो. “कान देऊन ऐकतोय.”

आयुष्यात मी डोंगराएवढ्या थापा मारल्या, पण ही सांगताना मी डहाळ्या हातानं झाकून धरल्या. नाना माझ्या मागेच होते. त्यांना सगळं दिसत होतं. त्यांनी मुसळ खांद्यावर सावरलं आणि विनवणीचे शब्द माझ्यापेक्षा मोठ्यानं म्हटले. त्या सगळ्या दारांत आम्ही तसेच उभे राहिलो.

पुढे पाऊस आला का, असं लोक विचारतात. मी दर वेळी वेगळं सांगतो.

संध्याकाळी मी दोरा सोडला आणि ओढ्याच्या कोरड्या वाळूत हातानं खड्डा केला. नाना काठावर उकिडवे बसून पाहत होते.

“आजून खोल करा, मास्तर,” ते म्हणाले, “नहीते कुत्रं उकरी काढी.” आणि खाली उतरून तेही माझ्याबरोबर वाळू उपसू लागले.