मधलं मशीन

माझ्या थोरल्या साडूंना अख्ख्या जळगावच्या बाजारात कुणी फसवू शकत नव्हतं, आणि अख्ख्या जळगावचा बाजार त्यांना रोज फसवत होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सावद्याचे केळीवाले. धोतर पांढरंशुभ्र, आवाज खणखणीत. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो. त्यांचं खरेदीचं शास्त्र एका वाक्याचं होतं. "साडूभाऊ, स्वस्तातलं घेनारा रडतो, महागातलं घेनारा मिरवतो. शहान्या मानसानं मधलं घ्यावं!" टॉर्च असो, चप्पल असो, छत्री असो, नाना तीन वस्तू समोर मांडायला लावायचे आणि मधल्या किमतीची उचलायचे. एका चपलेच्या दुकानात दोनच जोड निघाले, तर हा गृहस्थ अनवाणी उठून चालायला लागला. शेवटी दुकानदारानं शेजारच्या दुकानातून तिसरा जोड उसना आणला, तेव्हा कुठे नानांच्या पायात चप्पल आली. डॉक्टरांनी सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा गोळ्या दिल्या तरी ते दुपारचीच तेवढी न चुकता घेत, असं माझी मेव्हणी शपथेवर सांगायची. ती थोडं वाढवून सांगते, पण फार नाही.

दुकानदार काय, बाराचे! नाना पायरी चढताना दिसले की जी वस्तू खपत नसेल ती मध्ये, एक टाकाऊ खाली आणि एक अव्वाच्या सव्वा किमतीची वर. नाना खूश, दुकानदार त्याहून खूश. मी एकदा हे समजावून सांगायला गेलो तर म्हणाले, "तुम्ही हापिसातले लोक, तुमाले बाजार काय कळतो?" पण या खुळाच्या मुळाशी एक दुखणं होतं. तरुणपणी त्यांनी विहिरीवर सगळ्यात स्वस्त इंजिन बसवलं, ते ऐन उन्हाळ्यात बसलं आणि बाग वाळली. चिडून सगळ्यात महागडं आणलं, तर गावानं वर्षभर 'इंजिनवाले शेठ' म्हणून पिडलं. त्यानंतर हा माणूस जन्मभर मध्येच राहिला.

त्यांची मुलगी कुंदा शिवणकाम शिकायला सहा महिने आमच्याकडे राहिली होती. तिचं लग्न एदलाबादला ठरलं. नानांनी तिला आंदण म्हणून शिलाई मशीन कबूल केलं. तिकडे साड्यांना पिको करून देणारं कुणी नव्हतं. मोटारीचं, पिकोचं मशीन मिळालं तर पोरगी सासरी स्वतःच्या पायावर उभी राहणार होती. पण जळगावच्या दुकानात मशीनं तीनच: हाताचं, साधं पायाचं आणि हे मोटारीचं. म्हणजे नानांचा हात कुठे पडणार, हे काय सांगायला हवं?

"मग सांग की नानांना," मी कुंदाला म्हटलं.

"सांगून काय उपयोग, मावसा? घरी हो म्हनतात, अन् दुकानात गेले का हात मधल्यावरच जातो त्याईचा." मग हळूच म्हणाली, "तुम्ही दुकानाच्या शेठले सांगा ना, मोटारीच्यावर अजून एक भारीतलं मांडून ठेवा म्हना."

पोरगी बापाची खरी! खरेदीच्या आदल्या दिवशी मी चोरासारखा त्या दुकानात गेलो आणि शेठच्या कानाशी लागलो. शेठ पोट धरून हसायला लागला.

"अहो साहेब, तुम्ही दुसरे! सकाळीच नाना येऊन गेले. म्हणाले, 'शेठ, पोरीले मोटारीचं पाहिजे हे मले मालूम आहे. पन माह्या हाताचा भरोसा नाही. त्याच्यावर एक अजून भारीतलं मांड, म्हंजे हात बरोबर पडीन. अन् पोरीले सांगू नको. बाप ऐपतीबाहेर गेला हे तिले कळलं, तर ती साधंच मांगीन.'"

मला हसावं की डोळे पुसावेत कळेना.

दुसऱ्या दिवशी दुकानात हाताचं मशीन गायब होतं आणि दारातच एक लाकडी कपाटातलं अवाढव्य मशीन दिमाखात बसलं होतं. नानांनी त्याची किंमत विचारली, "बापरे!" म्हणाले, साध्या मशीनकडे बघून नाक मुरडलं आणि मोटारीच्या मशीनवर हात ठेवला. "हे द्या. मधलं." कुंदानं माझ्याकडे बघून हसू दाबलं. नानांनीही माझ्याकडे बघून मिशीला हात लावला. मी आपला पंख्याकडे बघत राहिलो.

नाना जाऊन आता चार वर्षं झाली. परवा कुंदाकडे गेलो होतो. मशीन चालूच होतं, समोर साड्यांचा ढीग. म्हणाली, "मावसा, नानांले मी जन्मात एकदाच फसवलं. ते अजून मनाले लागते." मग मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

तिनं मशीन थांबवलं. त्यावर हात ठेवला.

"मले कळलं असतं ना," ती पदर डोळ्यांना लावत म्हणाली, "तर मी साधंच मागितलं असतं वो, मावसा."