मिस्त्रीचा कान आणि एक लिटरची बाटली

बॅटरीतलं पाणी कोणी न पिता कमी होतं आणि गॅरेजमधले किस्से कोणी न बनवता वाढतात. औंढ्यात माझं बॅटरीचं दुकान आहे आणि भिंतीला भिंत लावून लखू मिस्त्रीचं गॅरेज. गिऱ्हाईक नसलं की मी तिकडं स्टूल टाकतो, आणि खरं सांगायचं तर गिऱ्हाईक असलं तरी टाकतो. बायको म्हणते, "बॅटऱ्या इकडं चार्ज होऊन राहिल्या अन् तुमी तिकडं." आता इतकं साठलंय की कुणाला तरी सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही.

लखू मिस्त्री म्हणजे लक्ष्मण राठोड, जवळच्याच तांड्यावरचा. नव्या गाड्यांमध्ये पेट्रोल-हवेचा हिशोब कॉम्प्युटर बघतो, त्या गाड्यांना मिस्त्री हात लावत नाही. त्याच्याकडं येतात त्या कार्बोरेटरवाल्या जुन्या गाड्या. त्यांना एक बारीक स्क्रू असतो. आत फिरवला की पेट्रोल कमी, बाहेर काढला की जास्त. मिस्त्रीचं सगळं नाव त्या स्क्रूवर आणि त्याच्या कानावर.

म्हणतो, "आमचा पणजा बैलांवर धान्य लादून मुलूख फिरायचा. बैल किती खाल्ल्यावर किती चालतो, त्याला बराबर माहीत. ॲव्हरेज आमच्या घराण्यातच हाय."

*

मिस्त्री ट्यूनिंग करतो तेव्हा डोळे मिटतो. इंजिन चालू, डावा कान खाली, उजव्या हातात स्क्रू ड्रायव्हर. पाव फेरा आत, जरा थांबला, परत अर्धा पाव बाहेर. त्या वेळी कुणी बोललेलं त्याला चालत नाही.

एकदा हिंगोलीचा एक गुत्तेदार आला. रस्त्याची कामं घेणारा, त्यामुळं फोनवर आणि माणसांवर सारखाच ओरडणारा. मिस्त्री वाकलेला आणि ह्याचं चालूच. मागच्या मिस्त्रीनं काय केलं, त्याच्या आधीच्यानं काय केलं. शेवटी मिस्त्रीनं नुसता हात वर केला.

"इंजिन काय म्हणून राहिलं ते ऐकू द्या."

"काय म्हणून राहिलं?"

"म्हणतंय, मालकानं लय हवा भरली."

*

पण ट्यूनिंग बरोबर झालं हे कळायचं कसं? त्यासाठी आमच्याकडं बाटली आहे. एक लिटरची सलाइनची बाटली, पेट्रोल भरून आरशाला टांगायची, नळी खिडकीतून बाहेर काढून बोनेटच्या फटीतून आत कार्बोरेटरला जोडायची. टाकीची नळी बंद. मग मालकानं गाडी हिंगोली रस्त्यानं सोडायची. बाटली संपली की गाडी थांबते, आणि जिथं थांबली तिथं तुमचं ॲव्हरेज. परत यायला टाकीची नळी जोडायची.

मिस्त्री स्वतः टेस्टला कधीच जात नसे. "परीक्षा देणाऱ्यानं पेपर तपासायचा न्हाई," असा त्याचा नियम.

गाडी थांबते ती जागाच ॲव्हरेज, त्यामुळं आमच्याकडं किलोमीटर कुणी मोजत नाही. वीटभट्टीपर्यंत गेली तर गाडी बरी. शांताबाईच्या चहाच्या टपरीपर्यंत गेली तर चांगली. टपरीच्या पुढं मोठा आंबा आहे, पूर्वी तिथवर गेलेल्या गाड्या एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. माझा मेहुणा नांदेडहून आला, त्याला सहज विचारलं, "तुझी नवी गाडी कशी?"

"वीस देते."

"वीस म्हणजे कुठपर्यंत?"

 नंतर माझ्या बायकोला, म्हणजे त्याच्या बहिणीला, म्हणे विचारत होता, भाऊजींची तब्येत बरी आहे ना.

*

त्याच गुत्तेदारानं पुढं मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. स्क्रू आत फिरवला की पेट्रोल वाचतं एवढंच त्यातलं त्यानं घेतलं, आणि घरीच स्क्रू आत, आत, अगदी बसेपर्यंत फिरवला. दोन दिवसांनी गाडी गॅरेजच्या दारात आली ती ट्रॅक्टरमागं दोरखंडानं बांधून.

मिस्त्रीनं बोनेट उघडलं, स्क्रू पाहिला आणि मान हलवली.

"साहेब, ॲव्हरेज एक नंबर निघालं. पेट्रोलचा थेंब जळत न्हाई. आता फक्त ट्रॅक्टरचं डिझेल तेवढं बघा."

*

आता कदम गुरुजी. कुरुंद्याचे, निवृत्त मास्तर, घरची हळद आणि जुनी पांढरी कार. गाडी दर वर्षी ट्यूनिंगला आणतात. दर वर्षी त्यांची गाडी टपरीच्या दारात थांबते, गुरुजी शांताबाईचा चहा पितात आणि परत येऊन मिस्त्रीला फक्त "उत्तम" म्हणतात.

यंदा परत आले ते "उत्तम" न म्हणताच. म्हणाले, "मिस्त्री, टपरी दिसली, पण पोचलो नाही. बरंच अलीकडं थांबली."

मिस्त्रीनं परत स्क्रू बघितला. गाडी परत अलीकडंच थांबली. मग कार्बोरेटर खोलला, धुतला, जोडला. तरी तेच. चार दिवस हेच चाललं. पाचव्या दिवशी मिस्त्री माझ्या दुकानात येऊन बसला. तो कधी बसत नाही.

"भालेराव, कान गेला वाटतं माझा."

 गेले काही महिने मीही बघत होतो. फोन वाजत राहायचा, हा काम करत राहायचा. मी भिंतीपलीकडून हाक मारायचो तर उत्तर नाही. मला वाटायचं, माणूस कामात आहे. खरं तर तसं वाटून घेत होतो.

*

सहाव्या दिवशी गुरुजींसोबत मीच टेस्टला गेलो. गाडी थांबली. उतरून पाहतो तर शेजारी तीन काळे पडलेले दगड, चुलीची राख आणि बाजेच्या पायांचे चार खड्डे. टपरी लांब पुढं, मोठ्या आंब्याखाली. चालत गेलो.

"शांताबाई, टपरी हलवली काहून?"

"मग काय करू? मिस्त्री लय बारीक काम करून राहिले. आताशा चांगल्या गाड्या माझ्यापुढून जातात अन् आंब्याखाली बंद पडतात. तिथं बसलेल्या माणसाला चहा नको का? अन् सावली बी हाय."

म्हणजे गुरुजींची गाडी दर वर्षी जात होती तिथंच यंदाही जात होती. आमची मोजपट्टीच चूल-पातेलं घेऊन पुढं सरकली होती. सहा दिवस रस्त्याकडं कुणी बघितलंच नाही, सगळे टपरीकडं बघत होते. गुरुजी रस्त्यातच हसायला लागले. म्हणाले, "चाळीस वर्षं पोरांना मोजमाप शिकवलं मी."

गाडी परत येताच मी पळत गॅरेजमध्ये शिरलो. मिस्त्रीला सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं. तो हसला, मग हात पुसत पुसत हसायचा थांबला.

"टपरी हलली, बरं झालं. पर भालेराव, कान बी हललाच हाय. तुमी आता काय सांगितलं, त्यातलं निम्मं मी तुमच्या तोंडाकडं बघून समजलो."

*

हिंगोलीच्या डॉक्टरनं कानाचं मशीन दिलं. ते लावून मिस्त्री इंजिनवर वाकला आणि झटक्यानं सरळ झाला.

"पंखा, पट्टा, रस्त्यावरची एसटी, तुमच्या दुकानातला रेडिओ, सगळंच ऐकू येऊन राहिलं. ह्याच्यात इंजिन कुठलं?"

मशीन काढून खिशात ठेवलं. त्यानंतर आठवडाभर त्यानं स्क्रूला हात लावला नाही. टायर बदलायचा, ऑइल बदलायचा. ट्यूनिंगचं गिऱ्हाईक आलं की "उद्या या" म्हणायचा. मला ते बघवत नव्हतं. मी माझ्याच दुकानात बसायला लागलो, तर बायकोनं विचारलं, "भांडण झालं का?"

*

मग एका सकाळी गुरुजी परत आले. त्यांची गाडी गॅरेजमध्ये उभी होती, इंजिन तापवायला चालू ठेवलेली. मी मिस्त्रीसाठी चहा घेऊन गेलो. हात काळे म्हणून तो नेहमी बशीतच पितो. ठेवायला जागा नव्हती, तर मी बशी एअर फिल्टरच्या गोल झाकणावर ठेवली. इंजिनच्या थरथरीनं चहावर बारीक लाटा उठत होत्या.

मिस्त्री बशीकडं बघत राहिला. बघताबघता त्याचा हात आपोआप स्क्रू ड्रायव्हरकडं गेला. पाव फेरा आत. लाटा वाढल्या. बाहेर काढला. कमी झाल्या. आणखी थोडा आत, थोडा बाहेर, असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. चहावर साय धरली. ती त्यानं बोटानं काढून टाकली आणि परत बघायला लागला. डोळे सताड उघडे.

शेवटी म्हणाला, "बाटली टांगा. आज मी येतो."

"तुमचा नियम?"

"नियम कानाचा होता." गाडीत बसल्यावर त्यानं मागं वळून गॅरेजच्या शटरची किल्ली माझ्या मांडीवर ठेवली. "आज नव्या टपरीपर्यंत गेली न्हाई, तर ही तुमच्याकडंच ठेवा. तांड्यावर शेत हाय, पोट भरंल. मला तकलीफ न्हाई." तकलीफ किती आहे ते चेहऱ्यावर दिसत होतं.

गुरुजी स्टिअरिंगवर, मी मागं, मिस्त्री पुढं बाटलीकडं बघत. वीटभट्टी गेली. तीन काळे दगड गेले. बाटलीतलं पेट्रोल तळाला लागलं आणि मी किल्ली मुठीत घट्ट धरली. आंबा आला. शांताबाई पातेलं खाली ठेवून उभी राहिली, हात हलवून "मिस्त्री, ओ मिस्त्री" म्हणून हाका मारत होती. मिस्त्रीनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. गाडी टपरी ओलांडून पुढच्या नाल्याच्या पुलावर गेली आणि तिथं एक आचका देऊन थांबली.

 मिस्त्री उतरला, बोनेट उघडलं, टाकीची नळी जोडली. गुरुजींनी इंजिन चालू केलं. तेवढ्यात शांताबाई किटली आणि बशी घेऊन चालत आली. दमली होती. आधी पुलाकडं पाहिलं, मग मागं आंब्याकडं.

"आता काय, टपरी पुलावर आणू?"

मिस्त्रीनं मला विचारलं, "काय म्हणून राहिली?"

मी सांगायच्या आत शांताबाईनं बशी भरली आणि दुसरी सपाट जागा नव्हती म्हणून इंजिनवरच्या त्या गोल झाकणावर ठेवली. मी किल्ली मिस्त्रीच्या खिशात टाकली आणि बशीला हात घातला.

मिस्त्रीनं माझं मनगट धरलं.

"थांबा भालेराव, पिऊ नका. अजून पाव फेरा बाकी हाय."